सुधारित मोटारसायकलीच्या हँडलमधील विद्युत तारांची निवड : एक विवेचन

गोषवारा

मोटारसायकलीचे मूळ हँडल काढून उंच, रुंद किंवा वेगळ्या आकाराचे हँडल बसविले की त्यावरील स्विचांपर्यंत जाणाऱ्या तारा अपुऱ्या पडतात व नव्या तारांची निवड करावी लागते. ही निवड बहुधा केवळ 'तार किती ॲम्पिअर सोसते' या एकाच प्रश्नावर केली जाते. प्रस्तुत लेखात सोप्या गणिताच्या आधारे असे दाखविले आहे की, या ठिकाणी विद्युतप्रवाहाची अट पूर्ण करणे तुलनेने सोपे असते. तार निकामी होते ती मुख्यतः छिद्राच्या कडेवर, मानेजवळच्या वाकावर आणि सांध्यावर. म्हणून तारेचे आवरण, तिच्यातील तंतूंची रचना आणि सांधा टाळण्याची पद्धत यांना जाडीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व द्यावे लागते.

बीजशब्द : मोटारसायकल, हँडल, विद्युत तार, विद्युतरोधी आवरण, व्होल्टेजची घट, फ्यूज, रिले.

१. प्रस्तावना

मोटारसायकल स्वतःच्या आवडीप्रमाणे घडवून घेण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विशेष वाढीस लागली. गाडीचे अनावश्यक भाग कापून टाकून बनविलेल्या या गाड्यांना 'चॉपर' असे नाव मिळाले. १९६९ साली प्रदर्शित झालेल्या 'ईझी रायडर' या चित्रपटामुळे तिचे लांब फोर्क आणि उंच हँडल जगभर परिचित झाले. चालकाचे हात खांद्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर नेणाऱ्या हँडलला 'एप हँगर' म्हणतात, कारण त्यावर बसलेला चालक फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा दिसतो. भारतात ही आवड मुख्यतः ३५० व ५०० सी.सी.च्या गाड्यांभोवती वाढली. २०१३ साली गोव्यात सुरू झालेल्या 'इंडिया बाइक वीक'सारख्या मेळाव्यांनी तिला एक व्यासपीठ मिळवून दिले.

हँडल बदलणे हे वरवर पाहता यांत्रिक काम वाटते. चार बोल्ट सैल करावेत, जुने हँडल काढावे, नवे बसवावे, इतकेच ते दिसते. प्रत्यक्षात हँडल हे मोटारसायकलीचे नियंत्रणकेंद्र आहे. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, स्टार्टर, इंजिन बंद करणारा स्विच आणि ब्रेकचा दिवा पेटविणारा स्विच हे सर्व तेथूनच चालतात. रात्रीच्या वेळी घाटातील वळणावर हेडलाइट एकाएकी विझला, तर त्यामागे बहुधा एक-दोन मीटर तारेचाच प्रश्न असतो. तारेची किंमत गाडीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते. तिच्या चुकीच्या निवडीची किंमत मात्र तशी नसते.

२. हँडलमधून जाणारी विद्युत मंडले

निवडीचा विचार करण्यापूर्वी कोणत्या तारेतून किती प्रवाह वाहतो हे पाहणे आवश्यक आहे. १२ व्होल्टच्या प्रणालीत प्रवाह काढण्याची रीत सोपी आहे. वॉटला व्होल्टने भागले की ॲम्पिअर मिळतात. अनेक ३५० सी.सी. गाड्यांत वापरला जाणारा ६०/५५ वॉटचा हॅलोजन दिवा वरच्या झोतासाठी सुमारे ५ ॲम्पिअर घेतो. लहान गाड्यांतील ३५ वॉटचा दिवा सुमारे २.९ ॲम्पिअर घेतो. एका बाजूचे पुढचे व मागचे मिळून १० वॉटचे दोन इंडिकेटर सुमारे १.७ ॲम्पिअर घेतात, तर २१ वॉटचा ब्रेकचा दिवा १.७५ ॲम्पिअर घेतो. स्टार्टरच्या मोटारीला लागणारा मोठा प्रवाह हँडलवर येत नाही. स्टार्टरचे बटण केवळ रिलेची कॉइल कार्यान्वित करते आणि मोटारीचा प्रवाह बॅटरीजवळच्या जाड केबलमधून जातो.

डाव्या बाजूच्या स्विचगटाचा विचार केला, तर हेडलाइटसाठी पुरवठ्याची एक तार, वरच्या व खालच्या झोताच्या दोन तारा, हॉर्नच्या दोन, इंडिकेटरच्या पुरवठ्याची एक आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन, अशा साधारण आठ तारा लागतात. क्लचचा स्विच किंवा अन्य सोयी असल्यास ही संख्या वाढते. म्हणजे प्रत्येक तारेतील प्रवाह माफक असला, तरी तारांची संख्या पुष्कळ असते. पुढील सर्व चर्चा या वस्तुस्थितीशी निगडित आहे.

येथे एक कालसापेक्ष बदलही लक्षात घ्यावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींना इंजिन सुरू असताना हेडलाइट आपोआप पेटता ठेवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. त्यामुळे पूर्वी केवळ रात्री भार वाहणारे हेडलाइटचे मंडल आता दिवसभर, भर उन्हातही भार वाहते. तारेला विश्रांती मिळते हे जुने गृहीतक या गाड्यांना लागू पडत नाही.

३. तारेची जाडी : गणित कोठवर पुरते

तारेची जाडी तिच्या तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. तांब्याची प्रतिरोधकता २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७२ ओहम-चौ.मि.मी. प्रति मीटर आहे. यावरून ०.५ चौ.मि.मी. जाडीच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०३४ ओहम येतो.

हँडल मूळ हँडलपेक्षा ३० सें.मी. उंच घेतले असे समजू. हेडलाइटचा प्रवाह स्विचपर्यंत वर जाऊन परत खाली येतो. म्हणून मार्गात ६० सें.मी. तारेची भर पडते. ०.५ चौ.मि.मी.च्या तारेसाठी या भरीचा रोध सुमारे ०.०२१ ओहम होतो. ५ ॲम्पिअर प्रवाहाला व्होल्टेजची घट ०.१० व्होल्ट आणि उष्णता सुमारे अर्धा वॉट येते, आणि हा अर्धा वॉट साठ सेंटिमीटर लांबीवर पसरलेला असतो. तप्ततंतू दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने ०.१० व्होल्टच्या घटीने प्रकाश सुमारे ३ टक्के कमी होईल. डोळ्यांना तो फरक जाणवणारही नाही.

आता दुसरे टोक पाहू. संगणकाच्या नेटवर्क केबलमधील सुमारे ०.२ चौ.मि.मी.ची तार हाताशी आहे म्हणून वापरली, तर त्याच ६० सें.मी.त ०.२६ व्होल्टची घट होते व सुमारे १.३ वॉट उष्णता निर्माण होते. प्रकाशातील घट ७ टक्क्यांच्या आसपास जाते. ही तार योग्य नाहीच. मात्र तिचा मुख्य दोष तिच्या एकसंध, एका तंतूच्या रचनेत आहे. त्याचा विचार पुढे येईल.

या गणितातून निघणारा निष्कर्ष असा की, हेडलाइटच्या तारांसाठी ०.७५ ते १ चौ.मि.मी. आणि इंडिकेटर, हॉर्न, ब्रेक-स्विच यांसाठी ०.५ चौ.मि.मी. ही जाडी विद्युतदृष्ट्या पुरेशी ठरते. मूळ गाडीतील तार याहून जाड असेल, तर तिची बरोबरी करावी. मूळ तारेपेक्षा बारीक तार मध्येच घालणे टाळावे. अंतरे लहान असल्याने घरातील किंवा शेतातील लांब वायरिंगमध्ये जी व्होल्टेज-घटीची चिंता असते, ती येथे दुय्यम ठरते. 'जाड तार म्हणजे सुरक्षित तार' हा समज मात्र येथे उलट अडचणीचा ठरू शकतो.

४. जागेचा प्रश्न

हँडलच्या तारा बाहेरून नळीला बांधून नेता येतात, किंवा नळीच्या आतून ओढता येतात. सुधारित गाड्यांत दुसरी पद्धत लोकप्रिय आहे, कारण तारा दिसत नाहीत. बहुतेक हँडलांचा बाह्य व्यास २२ मि.मी.च्या जवळपास असतो. काही अमेरिकी धाटणीच्या गाड्यांत तो एक इंच, म्हणजे २५.४ मि.मी. असतो. २२ मि.मी.च्या नळीची भिंत अडीच मि.मी. जाडीची धरली, तर आतील व्यास १७ मि.मी. उरतो. ही जागा ऐसपैस वाटते. परंतु तारांना आत शिरण्यासाठी व बाहेर येण्यासाठी जी छिद्रे पाडलेली असतात ती खरी अडचण असते. नळी कमकुवत होऊ नये म्हणून छिद्र लहान ठेवावे लागते.

८ मि.मी. व्यासाच्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौ.मि.मी. आहे. त्यातून आठ तारा न्यायच्या आहेत असे धरून चार प्रकारच्या तारांची तुलना तक्ता क्र. १ मध्ये केली आहे. व्यास आवरणासह व स्थूलमानाने घेतले आहेत.

तक्ता क्र. १ : आठ तारांनी व्यापलेली जागा (छिद्र ८ मि.मी.)

घरगुती वायरिंगची १ चौ.मि.मी. तार – व्यास सुमारे २.७५ मि.मी. – व्याप्ती ९४ टक्के
वाहनांची जाड आवरणाची ०.५ चौ.मि.मी. तार – व्यास सुमारे २.२ मि.मी. – व्याप्ती ६० टक्के
वाहनांची पातळ आवरणाची ०.५ चौ.मि.मी. तार – व्यास सुमारे १.६ मि.मी. – व्याप्ती ३२ टक्के
ई.टी.एफ.ई. आवरणाची ०.५ चौ.मि.मी. तार – व्यास सुमारे १.३ मि.मी. – व्याप्ती २१ टक्के

गोल तारा एकमेकींशेजारी ठेवल्या तरी त्यांच्यामध्ये पोकळी राहतेच. म्हणून ९४ टक्के व्याप्ती प्रत्यक्षात अशक्य असते. घरगुती तार वापरणारा कारागीर मग दोनपैकी एक मार्ग पत्करतो. तो छिद्र मोठे करतो, किंवा तारा जोराने ओढतो. पहिल्या मार्गाने हँडल कमकुवत होते, दुसऱ्या मार्गाने आवरण सोलले जाते. इमारतींच्या नळीतील वायरिंगमध्ये दोनपेक्षा अधिक तारांसाठी ४० टक्के व्याप्तीची मर्यादा पाळण्याचा अमेरिकी संकेत आहे. छिद्राला बसविलेले रबरी ग्रोमेट स्वतःही जागा व्यापते हे ध्यानी घेता, तोच दंडक येथे धरणे योग्य होईल. त्या कसोटीवर केवळ शेवटच्या दोन प्रकारच्या तारा उतरतात.

छिद्राविषयी एक सूचना आवश्यक आहे. चालकाच्या हाताचा भार हँडलवर वाकविणारा ताण निर्माण करतो आणि तो क्लॅम्पच्या कडेजवळ तीव्र असतो. तेथे पाडलेले छिद्र नळीला तडा जाण्याचे निमित्त होऊ शकते. ॲल्युमिनियमच्या हँडलबाबत ही जोखीम अधिक असते. शक्यतो उत्पादकानेच छिद्रे पाडून दिलेले हँडल घ्यावे. ते उपलब्ध नसल्यास तारा बाहेरून नेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

५. विद्युतरोधी आवरण

तारेचे तांबे जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. एका तारेला दुसरीपासून वेगळे करते ते मुख्यतः आवरण. हँडलच्या संदर्भात आवरणाची परीक्षा चार गोष्टींनी होते. धातूच्या कडेवर घासणे, हेडलाइटच्या भांड्यातील उष्णता, पावसाचे पाणी आणि वारंवार वाकणे या त्या चार गोष्टी होत.

(अ) साधे पी.व्ही.सी. : हे स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहे. वाहनांच्या साध्या पी.व्ही.सी. तारा ८० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत, तर घरगुती पी.व्ही.सी. तारा साधारणपणे ७० अंशांपर्यंत वापरण्यायोग्य मानल्या जातात. पी.व्ही.सी. लवचीक राहते ते त्यात मिसळलेल्या मृदुकारक द्रव्यामुळे. सततच्या उष्णतेने हे द्रव्य निघून जाते व आवरण कडक होऊन तडकते. जुन्या गाडीच्या हेडलाइटचे भांडे उघडल्यास असे तडकलेले आवरण नेहमी पाहावयास मिळते.

(आ) क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन : यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने हे आवरण उष्णतेने वितळत नाही. त्याची मर्यादा १२५ अंशांच्या आसपास असते. ते पातळ असूनही घासण्याला चांगले तोंड देते आणि किंमतही आवाक्यात असते. बहुसंख्य सुधारित गाड्यांसाठी हाच सर्वांत समतोल पर्याय होय.

(इ) ई.टी.एफ.ई. : विमानांत वापरले जाणारे हे फ्लोरोपॉलिमर आवरण अतिशय पातळ, चिवट व १५० अंशांपर्यंत टिकणारे आहे. जागा अगदीच कमी असेल तेथे ते उपयुक्त ठरते. मात्र ते काहीसे ताठ असते आणि सोलण्यासाठी योग्य हत्यार लागते. साध्या ब्लेडने सोलताना आतील तंतू कापले जाण्याची शक्यता असते.

(ई) पी.टी.एफ.ई. : २०० अंशांहून अधिक तापमान सोसणारे हे आवरण नावाने आकर्षक वाटते. परंतु सततच्या दाबाखाली ते हळूहळू बाजूला सरकते. धातूच्या कडेवर दाबून राहिलेली तार कालांतराने त्या ठिकाणी उघडी पडू शकते. हँडलमध्ये २०० अंशांची गरज नसते, कडेच्या दाबाचा धोका मात्र असतो.

(उ) सिलिकॉन रबर : हे आवरण अत्यंत मऊ व उष्णतारोधक असते. त्यामुळे हाताला तार 'उत्तम' वाटते. पण कडेवर ते सहज कापले जाते व फाटते. नळीच्या आतून ओढण्यासाठी ते योग्य नाही.

यावरून दिसते की, सर्वाधिक तापमान सोसणारी किंवा सर्वाधिक महाग तार ही या जागेसाठी सर्वोत्तम असेलच असे नाही. खरेदी करताना वाहनांच्या तारांसाठीचे भारतीय मानक आय.एस. २४६५, किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरील आय.एस.ओ. ६७२२ व त्यानंतर २०१९ साली आलेली आय.एस.ओ. १९६४२ ही मानकमालिका यांचा उल्लेख वेष्टनावर आहे का, हे पाहावे. घरगुती तारांचे आय.एस. ६९४ हे मानक इमारतींतील वापरासाठी आहे. त्याची खूण असलेली तार दर्जेदार असली, तरी इंजिनाची कंपने, तेल व सततचे वाकणे यांसाठी ती रचलेली नसते.

६. वाक आणि तंतूंची रचना

हँडलमधून निघालेल्या तारा गाडीच्या मानेजवळून मुख्य वायरिंगला मिळतात. चालक जितक्या वेळा हँडल वळवितो तितक्या वेळा या तारा येथे वाकतात. शहरातील वाहतुकीत हे दिवसातून असंख्य वेळा घडते. धातू वारंवार वाकविला की थकतो आणि अखेर तुटतो. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडताना याचाच अनुभव येतो.

तंतू वाकला की त्याच्या बाहेरील पृष्ठभागावर ताण येतो. हा ताण तंतूची त्रिज्या भागिले वाकाची त्रिज्या इतका असतो. ०.५ चौ.मि.मी.ची एकसंध तार ०.८ मि.मी. जाडीची असते. ती २० मि.मी. त्रिज्येत वाकविल्यास पृष्ठभागावर २ टक्के ताण येतो. तेच तांबे ०.२ मि.मी. जाडीच्या १६ तंतूंत विभागले, तर प्रत्येक तंतूवर केवळ ०.५ टक्के ताण येतो. छेदाचे क्षेत्रफळ तेच, विद्युतवहन तेच, परंतु ताण एक-चतुर्थांश. म्हणूनच दुकानात '१६/०.२०' असे लिहिलेली बहुतंतू तार मागावी. एकसंध तार या जागी कधीही वापरू नये. नेटवर्क किंवा टेलिफोन केबलमधील तार बाद ठरते ती मुख्यतः याच कारणाने.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून विकल्या जाण्याचे प्रकारही आढळतात. त्यांचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो व त्या वाकविल्यास लवकर तुटतात. एक तंतू ब्लेडने खरवडून पाहिला की आतील पांढरा धातू दिसतो. कथिलाचा मुलामा असलेले तांबेही बाहेरून पांढरे दिसते, पण खरवडल्यावर आत लालसर तांबे लागते. हे दुसरे तांबे कोकण, मुंबई व गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत विशेष उपयुक्त आहे. उघड्या टोकातून शिरलेले पाणी तंतूंच्या फटींतून केशाकर्षणाने आवरणाच्या आत दूरवर चढते आणि तांबे काळे-हिरवे पडते. कथिलाचा मुलामा ही झीज मंदावतो.

७. सांधे

तारा लांबविण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे जुनी तार मध्ये कापून, नवा तुकडा पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळणे. या पद्धतीचा धोका आकड्यांत मांडता येतो. सैल वा गंजलेल्या पिळाच्या सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला, तर ५ ॲम्पिअरला तेथे ०.५ व्होल्टची घट होते आणि २.५ वॉट उष्णता निर्माण होते. साठ सेंटिमीटर नव्या तारेत मिळून होणाऱ्या उष्णतेच्या ती पाचपट आहे, आणि ती सेंटिमीटरभर जागेत, चिकटपट्टीच्या वेष्टनात साठते. त्या उष्णतेने पट्टीचा चिकटपणा जातो, सांधा आणखी सैल होतो व रोध आणखी वाढतो. एका अशा सांध्याने दिव्याचा प्रकाश सुमारे १३ टक्के घटतो. तारेच्या जाडीवर विचार करणारा ग्राहक सांध्याचा विचार क्वचितच करतो.

सर्वोत्तम उपाय म्हणजे सांधाच न ठेवणे. स्विचपासून हेडलाइटच्या भांड्यातील जोडणीपर्यंत पूर्ण लांबीची नवी तार टाकावी. ते शक्य नसल्यास योग्य मापाची थिंबल किंवा जोडनळी क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून बसवावी व वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. सोल्डर केल्यास वितळलेले कथील तंतूंमध्ये काही अंतर चढते व तो भाग ताठ होतो. ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर तार तुटते. म्हणून सोल्डरचा सांधा वाकणाऱ्या जागी असू नये. सर्व तारांचे सांधे एकाच ठिकाणी न आणता पुढे-मागे ठेवावेत, आणि नळीच्या आत एकही सांधा नसावा.

तारा ओढण्यापूर्वी छिद्राच्या कडा गोल कानशीने गुळगुळीत करून ग्रोमेट बसवावे. आधी मजबूत सुतळी नळीतून काढून, तिला तारांची टोके एकापुढे एक अशी बांधून सावकाश ओढावीत. तारांना फ्रेंच चॉक लावल्यास घर्षण कमी होते. मानेजवळ हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही तार ताणली जाणार नाही इतका ढिलेपणा ठेवावा.

८. फ्यूज व रिले

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो तारेचे रक्षण करतो. नळीच्या आत आवरण सोलले जाऊन तांबे धातूला टेकले, तर बॅटरीचा प्रवाह कोणत्याही भाराशिवाय थेट गाडीच्या सांगाड्यात जातो. त्या वेळी तार तापून पेटण्याआधी फ्यूज वितळला पाहिजे. पातळ आवरणाच्या ०.५ चौ.मि.मी. तारेसाठी उत्पादकांच्या तक्त्यांत मोकळ्या हवेत सुमारे ११ ॲम्पिअरची मर्यादा दिलेली आढळते. बंद नळीत, इतर तारांच्या सोबतीने ती आणखी कमी धरावी लागते. अशा तारेच्या मागे १५ किंवा २० ॲम्पिअरचा फ्यूज असेल, तर अर्धवट संपर्काच्या प्रसंगी तारच फ्यूजचे काम करील. म्हणून प्रत्येक मंडलातील सर्वांत बारीक तार शोधून तिच्या मर्यादेच्या आतील फ्यूज बसविणे हा नियम पाळावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

जागेची व प्रवाहाची अडचण एकदम सोडविणारा उपाय म्हणजे रिले. हेडलाइटचा प्रवाह हँडलपर्यंत न नेता, स्विचने केवळ रिलेची कॉइल चालवावी आणि दिव्याला बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजद्वारे थेट पुरवठा द्यावा. वाहनांत सामान्यतः मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ०.१५ ॲम्पिअर घेते. म्हणजे हँडलमधील तारेवरचा भार ५ ॲम्पिअरवरून सुमारे तेहतिसाव्या भागावर येतो. स्विचच्या संपर्कबिंदूंची झीजही थांबते. मात्र वरच्या व खालच्या झोतासाठी दोन वेगळे रिले वापरावेत, जेणेकरून एक निकामी झाला तरी चालकापाशी दुसरा प्रकाश शिल्लक राहील.

९. इलेक्ट्रॉनिक गाड्यांची वेगळी मर्यादा

वरील विवेचन साध्या स्विचांच्या गाड्यांना लागू पडते. अलीकडील काही गाड्यांत थ्रॉटलची केबल नसून मुठीतील संवेदक इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला संदेश पाठवितो. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या गाडीत ही व्यवस्था २०१७ च्या आवृत्तीपासून आली. अशा संवेदकांचा पुरवठा सामान्यतः ५ व्होल्टचा असतो व संदेश व्होल्टच्या अंशांत वाचला जातो. येथे प्रवाह अत्यल्प असला, तरी सांध्यातील अस्थिर रोध म्हणजे नियंत्रकाच्या दृष्टीने मुठीची हालचाल ठरू शकते. तसेच कॅन या संदेशवहन पद्धतीत दोन तारा एकमेकींभोवती ठरावीक पिळाने गुंफलेल्या असतात. बाह्य विद्युत गोंधळ दोन्हींवर सारखाच पडून नाहीसा व्हावा, हा त्यामागील हेतू असतो. अशा तारा सुट्या तारेने लांबविणे योग्य नाही. तयार जोडसंच मिळत नसल्यास हँडल बदलण्याचा विचारच सोडावा.

१०. कायद्याची चौकट

तांत्रिकदृष्ट्या निर्दोष काम कायद्याने मान्य असेलच असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात याच तत्त्वाचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून हँडल खरेदी करण्याआधीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे विचारणा करणे हिताचे ठरते.

११. अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयांच्या वाहनतळावर विद्यार्थ्यांच्या मोटारसायकली मोठ्या संख्येने उभ्या असतात. ओहमचा नियम, प्रतिरोधकता, धातूचा थकवा, केशाकर्षण आणि बहुवारिकांचे गुणधर्म हे विषय भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत वेगवेगळे शिकविले जातात. हँडलमधील तारेत ते एकत्र येतात. मल्टिमीटर २ व्होल्टच्या पट्टीवर ठेवून, दिवा पेटलेला असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेज मोजणे हा अल्पखर्चिक व अर्थपूर्ण प्रयोग होऊ शकतो. घट काही शतांश व्होल्टपेक्षा जास्त आढळली, तर सांधा सदोष आहे हे विद्यार्थी स्वतःच्या गाडीवर सिद्ध करू शकतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमधील कारागिराचे हस्तकौशल्य आणि पाठ्यपुस्तकातील सूत्र यांच्यातील अंतर कमी करण्याचा हा एक मार्ग आहे.

१२. निष्कर्ष

१) हँडलच्या तारांत प्रवाह माफक व अंतरे लहान असतात. हेडलाइटसाठी ०.७५ ते १ चौ.मि.मी. व इतर मंडलांसाठी ०.५ चौ.मि.मी. तांब्याची तार पुरेशी होते.

२) छिद्रातील जागा हीच निर्णायक अट असल्याने पातळ पण चिवट आवरणाची, विशेषतः क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनची तार बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. जागा फारच कमी असल्यास ई.टी.एफ.ई.चा विचार करावा.

३) मानेजवळील वाकासाठी बारीक तंतूंची तार अनिवार्य आहे. किनारपट्टीच्या प्रदेशात कथिलाचा मुलामा असलेले तांबे श्रेयस्कर होय.

४) सांधा हा तारेपेक्षा अधिक धोक्याचा असतो. शक्यतो पूर्ण लांबीची तार टाकावी.

५) फ्यूज सर्वांत बारीक तारेच्या मर्यादेत असावा आणि हेडलाइटचा भार रिलेच्या साहाय्याने हँडलवरून उतरवावा.

तार विकत घेताना विचारला जाणारा 'किती ॲम्पिअरची?' हा प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. ती कोणत्या कडेवरून जाणार, कोठे वाकणार आणि कोठे जोडली जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच निवड पूर्ण होते.